न सुटणाऱ्या बॅगा

माझ्या धाकट्या काकाला सगळं गाव 'तिजोरी' म्हणतं. तिजोरीत ठेवावं असं त्याच्याकडे कधीच काही नव्हतं, त्यामुळे नवखा माणूस हे नाव ऐकून गोंधळतो. पण मोटारसायकलला साइड बॅगा लावायच्या असतील तर कोणीही पेट्रोल पंपापुढच्या वळणाकडे बोट दाखवतं आणि सांगतं, "तिजोरीकडे जा. एक वेळ गाडी चोरीला जाईल, पण बॅग जायची नाही."

दुकान म्हणजे एक शटर, पायाने चालवायचं जाड शिलाईचं मशीन, खिळ्यांना टांगलेले रेक्झिनचे तुकडे आणि गोंदाचा असा वास की अर्धा तास बसलेला माणूस उगाचच खुशीत येतो. सीट कव्हरंही तिथे होतात, पण ती डाव्या हाताने. काकाचा खरा जीव बॅगांत. औषधांचे विक्रेते, कुरिअरवाले, वीजमीटर वाचणारे, लग्नांचे फोटो काढणारे, म्हणजे ज्यांचं पोट मोटारसायकलच्या मागच्या चाकाशेजारी लोंबकळत असतं असे सगळे लोक त्याच्याकडे येतात.

काकाचं म्हणणं असं की बॅग दोन माणसांमुळे जाते. एक चोर आणि दुसरा मालक. त्यातला चोर परवडला, कारण त्याचं निदान बॅगेकडे लक्ष असतं. मालक पट्टा एकदा आवळतो आणि जन्मभर विसरतो. खड्ड्यांनी तो हळूहळू सैल होतो, बॅग खाली सरकते, सायलेन्सरला टेकते, बुडाला भोक पडतं आणि माणूस घरी पोचतो तेव्हा बॅगेत फक्त वारा असतो. म्हणून काका पट्टे सीटच्या वरून नाही, खालून घेतो, सीटला कुलूप लावतो, पट्ट्याच्या दोन थरांमध्ये तारेचा दोर शिवतो आणि रिव्हेटची डोकी बॅगेच्या आत ठेवतो. एवढं झालं की गिऱ्हाइकाच्या हातात ब्लेड देतो.

"आता चोर."

"काय चोरू?"

"तुझीच बॅग. मी चहा घेऊन येतो, तोवर काढून दाखव."

तो परत येतो तेव्हा गिऱ्हाईक घामाघूम झालेलं असतं आणि ब्लेड वाकलेलं असतं.

"तिजोरी, हे सुटत नाही रे."

"सुटू नये म्हणूनच आलास ना?"

"पण मला धुवायला काढायची असली तर?"

"गाडी धू. बॅग आपोआप धुतली जाते."

असा हा माणूस. पण तो पहिल्यापासून असा नव्हता. काकू गेली आणि तो असा झाला. गेली म्हणजे नोकरीला गेली, भलतं काही मनात आणू नका.

काका-काकूंना मूल नाही. त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही, तेव्हा मीही बोलत नाही. त्यांच्याकडे होती ती मोटारसायकल. सुट्टीच्या दिवशी दोघं निघायची. जायचं कुठे ते ठरलेलं नसायचं. रस्ता कंटाळा येईपर्यंत धरायचा आणि वळायचं. जाताना काकू त्याच्या उजव्या कानाशी बोलत असायची, येताना डाव्या. तिला गाडीवर गप्प बसवत नसे आणि त्याला घरात बोलता येत नसे. मागून आवाज आला आणि समोर रस्ता असला, म्हणजे तोंडाकडे बघावं लागलं नाही, की त्याची जीभ मोकळी व्हायची. सोफा घ्यायचा की नाही, आजोबांना कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, भांडण, समेट, सगळं रस्त्यावर. त्यांचा संसार असा निम्म्याहून जास्त त्या सीटवर झाला.

मग डोंगरावरच्या एका शाळेत मुलींच्या वसतिगृहाला वॉर्डन हवी असल्याचं काकूला कळलं. तिने अर्ज केला आणि तिला बोलावणं आलं. मोटारसायकलवर सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं इतकं ते लांब.

"वर्षभर बघते," ती म्हणाली.

"बघ," काका म्हणाला.

या विषयावर दोघांत एवढीच चर्चा झाली. स्वयंपाकघरात झाली, म्हणूनच इतकी थोडी झाली असणार. ती गेल्यावर माझ्या आईने काकाला चांगलंच फैलावर घेतलं.

"भावजी, 'जाऊ नको' म्हणायला जीभ झिजली असती का?"

"तिला जायचं होतं, वहिनी."

"तिला तुम्ही म्हणायला हवं होतं."

"मग ती थांबली असती."

"अहो, तेच तर!"

काकाने मान खाली घातली आणि दुकानात जाऊन एका स्कूटरचं सीट उगाच उसवलं.

पहिल्या महिन्यात काकूने तिची उशी मागवली. परक्या उशीवर तिची मान धरते. काकाने साध्या कॅनव्हासच्या बॅगा सीटवर टाकल्या, उशी कोंबली, घाट चढला आणि पोचल्यावर पाहिलं तर एका बाजूची बॅगच नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर कुठे तरी पट्टा सैल झाला होता. येताना तो दर वळणाला उतरून दरीत बघत आला. पुढच्या खेपेला त्याने तिचा छोटा रेडिओ नेला. घाटाच्या पायथ्याशी चहा प्यायला थांबला तेवढ्यात कोणी तरी बकल सोडून रेडिओ काढला आणि सभ्यपणे बकल परत लावून ठेवलं.

"जाऊ द्या हो," काकू म्हणाली, "तुम्ही आलात ना."

काकाने यातला पहिला अर्धाच ऐकला. 'जाऊ द्या' हे त्याच्या मनाला इतकं लागलं की पुढचं ऐकायला तो जागेवर नव्हताच. तिचं काही म्हणून आता जाऊ द्यायचं नाही, असं त्याने घेतलं डोक्यात. तिथून तार आली, कुलूप आलं, आतली रिव्हेटं आली आणि आमच्या काकाची तिजोरी झाली.

वर्षभर बघायचं होतं ते बघून झालं. मग आणखी एक. मग आम्ही मोजायचं सोडलं. दर वर्षी सत्र संपताना शाळेच्या मोठ्या बाई काकूला विचारायच्या, "पुढच्या वर्षी आहात ना?" आणि काकू म्हणायची, "दोन दिवसांनी सांगते." त्या दोन दिवसांत काका यायचा. बॅगा भरून यायचा. रिकाम्या करून जायचा. दोन दिवस संपायचे.

इकडे तो महिनाभर तिच्यासाठी वस्तू साठवायचा. मशीनमागच्या फळीवर केसांच्या पिना, टॉर्चचे सेल, तिच्या सवयीचा साबण, पायाला लावायचं तेल असं जमत जायचं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा, पण वसतिगृहाचा फोन जिन्यात, चारी बाजूंनी मुली, त्यात काकाला समोरासमोर बोलता येत नाही तर फोनवर काय येणार? तो नुसता मागचे आवाज ऐकायचा.

"ती कशी आहे?" आई विचारायची.

"वरच्या मजल्यावरच्या एका पोरीची बादली हरवलीय."

"मी तुमच्या बायकोचं विचारतेय."

"तीच शोधतेय बादली," काका म्हणायचा आणि अशा काही नजरेने दाराकडे बघायचा, की जणू ती बादली आमच्याच अंगणात सापडली तर तो आत्ताच्या आत्ता द्यायला निघेल.

मागच्या हिवाळ्यात त्याने बॅगांचा शेवटचा आणि सर्वांत भारी प्रकार काढला. हा फक्त स्वतःच्या गाडीसाठी होता. पट्टा म्हटला की तो कापता येतो, ही सल त्याला होतीच. तेव्हा पट्टाच नको. बॅगेच्या आत पोलादी पत्रा घालायचा आणि तो थेट गाडीच्या सांगाड्यावर बोल्टने बसवायचा. पण सांगाड्यावर अशी भक्कम जागा कुठली? मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट असतात ती. माणसाचं वजन पेलायला केलेली असते ना. काकाने दोन्ही फूटरेस्ट काढले, त्या जागी पत्रे बसवले, बोल्ट आवळले आणि त्यांची डोकी कानशीने घासून गुळगुळीत केली, म्हणजे पाना लावायला जागाच उरली नाही. मग तो त्या बॅगेवर चक्क उभा राहिला. गाडी डुलली, बॅग नाही.

"आता?" तो वरून म्हणाला.

"आता तू मेलास तरी ही बॅग वारसदारांना मिळायची नाही," मी म्हणालो. तो भलताच खूश झाला.

सत्र संपत आलं तेव्हा मला डोंगरावरच्या त्याच गावात नोकरीची मुलाखत होती. (तिचं काय झालं ते विचारू नका.) मी माझ्या गाडीवर, काका त्याच्या, असे बरोबर निघालो. वाटेत तो एकदाही बॅगेकडे वळून बघेना. घाटाच्या पायथ्याशी चहा पिताना तर मुद्दाम गाडीकडे पाठ करून बसला. इतका निवांत मी त्याला पूर्वी कधी पाहिला नव्हता.

वसतिगृहाच्या अंगणात मुलींच्या ट्रंका ओळीने लागल्या होत्या. पालक येत होते, गाद्यांच्या वळकट्या रिक्षांवर चढत होत्या. काकू पायऱ्यांवर उभी होती. तिने बाहेर जायची साडी नेसली होती आणि खांद्याला एक छोटी पिशवी होती. आम्हाला बघून ती हसली आणि भरभर खाली आली. मला म्हणाली, "किती वाळलायस रे," आणि गाडीच्या मागे गेली.

काकाने हेल्मेट काढलं. "बघ," तो म्हणाला. "ओढ."

"काय ओढू?"

"बॅग. ओढून बघ. चोर आता."

तिने एका बोटाने बॅग ढकलली. मग वाकून खाली बघितलं. या बाजूला बघितलं, वळसा घालून त्या बाजूला बघितलं. काकाला वाटलं ती बोल्ट शोधतेय. तो लहान मुलासारखा मागे मागे फिरत होता.

"सापडायचे नाहीत," तो म्हणाला.

"अहो," काकू म्हणाली, "पाय कुठे ठेवायचे?"

"कुणाचे पाय?"

काकू सरळ उभी राहिली. काकाच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"कुणाचे नाही," ती म्हणाली. "चहा घेणार ना?"

आम्ही चहा घेतला. काकाने तेल, पिना, साबण एकेक करून टेबलावर मांडलं आणि काकूने ते एकेक करून कपाटात ठेवलं. खोलीत कोपऱ्यात एक ट्रंक होती. तिला दोरी बांधलेली होती. मी ती पाहिली. काकाने पाहिली असेल, पण एवढ्या ट्रंकांतली ती एक, असं त्याला वाटलं असावं. निघताना काकू फाटकापर्यंत आली नाही. मोठ्या बाईंकडे जायचंय म्हणाली.

परतताना घाट उतरून आम्ही पुन्हा त्याच टपरीवर थांबलो. शेजारच्या बाकावरचं एक जोडपं निघालं होतं. नवऱ्याने गाडी चालू केली. बायकोने चपलेच्या टाचेने खट्कन फूटरेस्ट खाली पाडला, त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि चढली. बसल्या बसल्या तिने त्याला काही तरी सुनावलं, तो मान न वळवता उलट बोलला आणि दोघं भांडत भांडत दिसेनाशी झाली. काका कप तोंडाशी तसाच धरून बघत राहिला.

"अरे," तो म्हणाला.

"काय?"

"ती पाय कुठे ठेवायचे म्हणाली."

"हो."

"तिचे?"

"नाही, पोस्टमनचे."

त्याने कप खाली ठेवला. "ती यायला निघाली होती?"

मी ट्रंकेचं सांगितलं. दोरीचंही सांगितलं. काका उठला, गाडीपाशी गेला आणि आपल्या त्या भक्कम बॅगांकडे असा बघत उभा राहिला की टपरीवाल्याला वाटलं काही चोरीला गेलं. "काय गेलं हो?" त्याने लांबूनच विचारलं.

रात्री त्याने घरी पोचल्या पोचल्या फोन लावला. आई आणि मी शेजारीच उभे होतो. आमच्या घरात फोन असाच करतात.

"मी म्हणत होतो..." काका म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "बरं," म्हणाला. "बरं." फोन ठेवला. काकूने मोठ्या बाईंना पुढच्या वर्षासाठी होकार देऊन टाकला होता.

"दर वर्षी ट्रंक बांधायची, असं म्हणाली," काका आईला म्हणाला. "दर वर्षी. मी येऊन 'चल' म्हणेन म्हणून. पण मी कधी म्हटलंच नाही. आणि या वर्षी तर मी बसायची जागाच काढून आलो, म्हणाली."

आईच्या तोंडाशी आलेलं बोलणं तिने गिळलं. माझ्या आईच्या बाबतीत ही गोष्ट साधी नाही.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच्या बॅगा काढायला बसला. गावाला हे कळायला फार वेळ लागला नाही. तिजोरी तिजोरी फोडतोय म्हटल्यावर कुरिअरवाला आला, औषधवाला आला, ज्यांना ज्यांना त्यांचीच बॅग कधी ना कधी त्याने चोरायला लावली होती ते सगळे आले. पाना बसेना. पक्कड घसरली. छिन्नी बोथट झाली. काका पत्र्याखाली डोकं घालून पालथा पडला होता आणि आतून त्याचा आवाज येत होता, "कुठल्या मूर्खाने बसवलंय हे!"

"तिजोरी, चहा घेऊन येऊ?" औषधवाला म्हणाला. "तोवर काढून दाखव."

एरवी काकाने हातोडी फेकली असती. आता त्याने नुसतं डोकं बाहेर काढलं. कपाळाला ग्रीस होतं. "हसा," तो म्हणाला. "पण कोणाकडे ड्रिल आहे का?"

हसणाऱ्यांतूनच एक जण ड्रिल आणायला धावला. बोल्ट पोखरून काढावे लागले. दुपार गेली. शेवटचा पत्रा निघाला तेव्हा त्याच्याबरोबर सांगाड्याचा रंगही सालपटून आला. काकाने नवे फूटरेस्ट बसवले, त्यांवर रबर चढवलं आणि दोन्ही तळव्यांनी जोर देऊन बघितले. स्वतःच्या त्या बॅगांना तो त्यानंतर शिवला नाही. त्या दुकानाच्या कोपऱ्यात पडल्या. सगळी गंमत संपली तसे लोक आपापल्या वाटेने गेले.

मग तो पुन्हा डोंगरावर गेला. मी बरोबर नव्हतो. पुढचं सांगतोय ते काकूने नंतर आईला फोनवर सांगितलं ते आणि काकाने सांगताना गाळलं ते, असं दोन्ही जुळवून सांगतोय.

निघण्याआधी त्याने फोन केला.

"येतोय."

"काय आणताय?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"रिकामा येतोय."

काकू म्हणते, ते ऐकून तिला आधी वाटलं याला बरं नाही.

नवं सत्र सुरू झालं होतं. अंगणात नव्या मुली होत्या आणि त्यांतल्या दोघी-तिघी रडत होत्या, कारण आई-बाप नुकतेच सोडून गेले होते. काका फाटकाबाहेरच थांबला. काकू आली. तो गाडीवरून उतरला नाही, हेल्मेटही काढलं नाही. समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "बस."

ती बसली. कुठे जायचं हा विषय दोघांनीही काढला नाही. रस्ता तलावाकडे जातो, गाडी तिकडे गेली. बराच वेळ काकूही बोलली नाही, आणि गाडीवर असं कधी झालं नव्हतं. शेवटी काकाच बोलला. वाऱ्यात, पुढे बघून, हेल्मेटच्या आतून बोलला, आणि तरी तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"चल ना घरी."

"आत्ता?"

"आत्ता. अशीच."

"आणि त्या पोरी? नुकत्याच आल्यात त्या. रात्री उठून आई आई करतात, त्यांच्याकडे कोण बघणार?"

काकाने गाडीचा वेग कमी केला.

"शब्द दिलाय मी," काकू म्हणाली. "परीक्षा होईपर्यंत मला हलता यायचं नाही. आधी का नाही 'चल' म्हणालात हो?"

"तुला जायचं होतं."

"पहिल्या वर्षी होतं. मग तुम्ही न्यायला याल असं वाटायचं. तुम्ही पिना घेऊन यायचात."

तलावाला वळसा घालून ते परत फिरले. तो मुद्दाम हळू चालवत होता. मागून सायकली पुढे जात होत्या. काकूने मग तिच्या सवयीप्रमाणे बोलायला सुरुवात केली. मोठ्या बाई कशा आहेत, पाण्याचा पंप कसा रोज बिघडतो, आईने दुकानाचं शटर रंगवून घ्यायला सांगितलंय ते झालं का. काका उत्तरं देत होता. बादलीचं पण विचारलं त्याने. बादली सापडली होती.

फाटकाशी ती उतरली. एक मुलगी तिथेच उभी राहून तिची वाट बघत होती, तिने लगेच काकूचा पदर धरला.

"परीक्षा झाली की या," काकू म्हणाली. "असेच या. काही आणू नका."

हे सगळं होऊन आता काही महिने झाले. काका दर महिन्याला तसाच रिकामा जातो, तिला तलावापर्यंत फिरवून आणतो आणि रिकामा परत येतो. इकडे दुकान चालू आहे, बॅगा होतात, ब्लेडं वाकतात. फक्त गिऱ्हाईक शाळेचा मास्तर असला, कॉलेजचा पोरगा असला किंवा नुसता कोणाचा तरी बाप असला, तर काका टाका घालता घालता थांबतो आणि विचारतो, "तुमच्याकडे परीक्षा कधी आहेत?" गेल्या आठवड्यात एकाने तारीख सांगितली. काकाने ती मनातल्या मनात धरून बघितली.

"एवढ्या लांब?" तो मला म्हणाला. मग थोड्या वेळाने, मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "का रे, पेपर सोपे काढले तर लवकर संपतात का?"

मी नाही म्हटलं.

"विचारलं आपलं," काका म्हणाला, आणि पुन्हा मशीन चालवायला लागला.